कंबरेच्या दोरापासून मांडीच्या पट्ट्यांपर्यंत : गिर्यारोहणातील हार्नेसचा इतिहास आणि दुखरी कंबर

पाठाचा हेतू

महाविद्यालयाच्या गिर्यारोहण मंडळात, कृत्रिम भिंतीवर किंवा एखाद्या प्रशिक्षण शिबिरात तुम्ही कधी ना कधी हार्नेस बांधाल. तुमच्यापैकी काहींची कंबर आधीच दुखत असेल. तासन्‌तास खुर्चीत बसणे, खराब रस्त्यावरचा दुचाकीचा प्रवास, खेळताना झालेली जुनी दुखापत अशी कारणे वेगवेगळी असतात. अशा विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : कंबरेला चांगला आधार देणारा हार्नेस कोणता?

प्रश्न रास्त आहे, पण तो थोडा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. हार्नेस कंबरेला आधार देण्यासाठी घडलेला नाही. कंबरेवर पडणारा भार तिथून काढून मांड्यांकडे नेण्यासाठी तो घडला. हे व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली आणि त्या काळात अनेकांचे जीव गेले. हा इतिहास समजला की दुकानातल्या दहा हार्नेसपैकी आपल्याला कोणता चालेल, हे तुम्ही स्वतः ठरवू शकाल.

पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. कंबरेला बांधलेला दोर का सोडावा लागला? मांडीचे पट्टे कुठून आले? आणि हार्नेसवरचे प्रमाणचिन्ह आपल्याला नेमकी कशाची खात्री देते व कशाची देत नाही?

१. एका शब्दाचा घोटाळा

मराठीत 'कंबर' हा शब्द दोन ठिकाणांना लागतो. शिंपी जिथे मापाची फीत लावतो ती कंबर, आणि पोते उचलताना जी धरते तीही कंबर. पहिली म्हणजे धडाभोवतीचा घेर. दुसरी म्हणजे पाठीचा खालचा भाग : पाच कटिमणके, त्यांच्यामधल्या चकत्या, मणक्यांच्या मागच्या बाजूचे लहान सांधे आणि त्यांना धरून ठेवणारे स्नायू.

हार्नेसचा कमरपट्टा पहिल्या कंबरेभोवती बसतो. तो रुंद आणि गुबगुबीत दिसला की आपण समजतो, दुसऱ्या कंबरेची सोय झाली. वजन उचलणारे खेळाडू जो जाड पट्टा बांधतात तो डोळ्यांसमोर असतो, म्हणूनही हा समज पक्का होतो. पण त्या खेळाडूचे पाय जमिनीवर असतात आणि भार कण्यातून खाली जमिनीत जातो. दोराला लटकलेल्या माणसाचे पाय अधांतरी असतात. त्याचे सगळे वजन शरीरावरच्या पट्ट्यांतून वर दोरात जाते. दिसायला दोन्ही ठिकाणी पट्टाच आहे, काम मात्र वेगळे आहे. पुढचा सगळा पाठ या एका फरकाभोवती फिरतो.

२. दोर तपासला, शरीर नाही

आल्प्समध्ये गिर्यारोहण हा छंद म्हणून रुजला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. लंडनचा आल्पाइन क्लब १८५७ मध्ये स्थापन झाला. त्या काळात हार्नेस नव्हता. मनिला तागाचा दोर सरळ कंबरेभोवती, बरगड्यांच्या थोडा खाली, गाठ मारून बांधत. दोराने एकमेकांना जोडलेली माणसे बर्फावरून चालत. एकाचा पाय घसरला तर बाकीच्यांनी त्याला रोखायचे, एवढीच कल्पना होती. उभ्या कड्यावरून पडून अधांतरी लटकण्याचा विचार त्यात नव्हता.

१८६४ मध्ये या क्लबच्या समितीने बाजारातले दोर तपासले. ठरावीक उंचीवरून वजन खाली सोडायचे आणि कोणता दोर तुटतो ते पाहायचे, अशी ती चाचणी होती. वजन होते बारा स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ही पद्धत आजही ओळखीची वाटेल.

पुढच्याच वर्षी, १४ जुलै १८६५ रोजी, एडवर्ड व्हिम्परच्या सात जणांच्या गटाने मॅटरहॉर्न हे शिखर प्रथमच सर केले. उतरताना एक जण घसरला, त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले आणि दोर तुटला. चौघे मरण पावले. तुटलेला दोर गटाजवळच्या दोरांपैकी सर्वांत कमकुवत होता. तो तुकडा झेरमाटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

या अपघाताची चर्चा कित्येक वर्षे चालली. कमकुवत दोर का वापरला, कोणी बांधला, मुद्दाम कापला होता का, असे प्रश्न विचारले गेले. दोर मजबूत हवा हा धडा सगळ्यांनी घेतला. पण दोर तुटला नसता आणि माणूस त्याला लटकून राहिला असता, तर कंबरेभोवतीच्या त्या फासाने त्याचे काय केले असते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते. जे मोजता येते ते आधी सुधारते. शरीराची पाळी नंतर येते.

३. दोराला लटकलेली माणसे

विसावे शतक उजाडले तशी चढाई अधिक उभ्या कड्यांकडे वळली. खडकात ठोकायचे लोखंडी पिटॉन आले, त्यात दोर अडकवायला कॅराबिनर आले. आता पडलेला माणूस जमिनीपर्यंत न जाता मध्येच लटकू लागला. प्रश्न बदलला होता, बांधण्याची पद्धत मात्र तीच राहिली : कंबरेला दोर आणि बोलाइन गाठ, फार तर एक फेरा छातीभोवती.

जुलै १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधील आयगर पर्वताच्या उत्तर भिंतीवर चार तरुण अडकले : टोनी कुर्झ, आंद्रेआस हिंटरस्टॉइसर, विली आंगरर आणि एडी रायनर. तिघे मेले. कुर्झ एकटा, गोठलेल्या हाताने, रात्रभर वादळात दोराला लटकत राहिला. दुसऱ्या दिवशी बचाव पथक त्याच्या खाली काही मीटरवर पोहोचले. दोन दोर जोडून तो खाली उतरू लागला, पण जोडणीची गाठ कॅराबिनरमधून पुढे सरकेना. ती सरकवण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. बचाव पथकाच्या डोळ्यांदेखत तो तिथेच मरण पावला. थंडी आणि थकवा ही मुख्य कारणे होती हे खरे. पण नुसते लटकून राहण्यानेही शरीर खचते, हे अशा घटनांमधून हळूहळू पुढे येऊ लागले.

कंबरेच्या दोरावर अधांतरी लटकल्यावर काय होते ते पाहू. दोर वर सरकून बरगड्यांखाली रुततो. श्वासपटलाला खाली यायला जागा राहत नाही आणि श्वास कोंडतो. धड एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला कलतात. वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारखे शरीर मधोमध मोडते. गाठ पोटाकडे असल्यामुळे माणूस उताणा लटकतो आणि कंबरेचे मणके मागच्या बाजूला वाकतात. निरोगी तरुणालाही हे काही मिनिटांपलीकडे सोसत नाही.

४. कागदावरचे गणित

हा फरक आकड्यांत मांडून पाहा. आकडे ढोबळ आहेत, तुलनेपुरते आहेत.

६० किलो वजनाचा माणूस स्थिर लटकला तर दोरावर सुमारे ५९० न्यूटन बल येते. कंबरेचा दोर ११ मिलिमीटर जाड आहे आणि तो ६० सेंटिमीटर लांबीवर अंगाला टेकतो असे धरा. स्पर्शाचे क्षेत्रफळ होते ६६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ९ न्यूटन. आता ८ सेंटिमीटर रुंद कमरपट्टा तेवढ्याच लांबीवर टेकतो आणि दोन्ही मांड्यांना ६ सेंटिमीटर रुंदीचे पट्टे प्रत्येकी ४५ सेंटिमीटर लांबीवर टेकतात असे धरा. एकूण क्षेत्रफळ होते १,०२० चौरस सेंटिमीटर आणि दाब साधारण ०.६ न्यूटनवर येतो. म्हणजे पंधरा पटींनी कमी.

दाबाचा हिशेब सगळ्यांना सुचतो. कंबर दुखणाऱ्यासाठी दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे, तो म्हणजे वाकवणाऱ्या आघूर्णाचा. कंबरेच्या दोरावर शरीर जवळजवळ आडवे लटकले आहे. डोक्याकडच्या बाजूला निम्मे वजन, समजा ३०० न्यूटन, आणि त्याचा गुरुत्वमध्य दोरापासून ३० सेंटिमीटरवर. आघूर्ण झाले ९० न्यूटन-मीटर. ते कोण पेलणार? पोटाचे आणि मांडी उचलणारे स्नायू. ते थकले की मणक्यांमागचे छोटे सांधे आणि अस्थिबंध.

आता मांडीचे पट्टे जोडा. मांड्या उचलल्या जातात, शरीर बसते होते आणि धड उभे राहते. धड उभ्या रेषेपासून ३० अंश मागे कललेले असेल तर आघूर्ण ४५ न्यूटन-मीटर होते. ते १० अंशांवर आणले तर सुमारे १६. कमरपट्टा तोच, वजन तेच. फक्त बसण्याची पद्धत बदलली आणि कंबरेवरचा ताण साडेपाच पटींहून अधिक उतरला. गादी जाड केल्याने दाब कमी होतो, आघूर्ण नाही. ही ओळ लक्षात ठेवा. हार्नेस निवडताना ती उपयोगी पडणार आहे.

५. नायलॉनने काय बदलले

१९३५ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन बनवले. दुसऱ्या महायुद्धात त्याचे दोर बनू लागले आणि युद्धानंतर ते गिर्यारोहकांच्या हाती आले. १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिड कंपनीने आत गाभा आणि बाहेर विणलेले आवरण असलेला दोर बाजारात आणला. आजचे सगळे चढाईचे दोर याच वंशातले आहेत.

तागाचा दोर झटका बसला की तुटण्याची भीती असे, म्हणून सर्वांत पुढे चढणाऱ्याने पडायचेच नाही असा दंडक होता. नायलॉन ताणतो आणि झटका गिळतो. त्यामुळे पडूनही वाचणे शक्य झाले. लोक अधिक अवघड जागी चढू लागले, अधिक वेळा पडू लागले, अधिक वेळ लटकू लागले. दोराचा प्रश्न सुटला तेव्हा साखळीतला सर्वांत कमजोर दुवा उघडा पडला. तो दुवा म्हणजे माणसाचे धड.

आपल्याकडे संघटित प्रशिक्षण सुरू झाले ते याच संधिकाळात. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ मध्ये सुरू झाली. म्हणजे भारतीय गिर्यारोहणाची संस्थात्मक सुरुवातही जगभरच्या कंबरेच्या दोराच्या काळातलीच आहे.

६. छाती की मांडी?

कंबर नको, मग भार कुठे घ्यायचा? याचे वेगवेगळ्या देशांत दोन प्रकारे उत्तर शोधले गेले.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात छातीभोवतीचा हार्नेस रुजला. त्यामागे तर्क होता. दोर छातीच्या उंचीवर बांधला तर पडताना माणूस उलटा होत नाही आणि डोके वर राहते. पण नुसत्या छातीच्या पट्ट्यावर लटकले की काखेतल्या नसा दाबल्या जातात, हात बधिर होतात, श्वास अडकतो. १९७२ मध्ये इन्सब्रुक येथे पर्वतीय बचावकार्यातील डॉक्टरांची परिषद भरली. वरवर फारशी इजा नसताना, केवळ दोराला लटकून राहिल्यामुळे झालेल्या मृत्यूंची तिथे चर्चा झाली. स्थिर लटकल्यावर पायांत रक्त साचते, हृदयाकडे पुरेसे परतत नाही आणि माणूस बेशुद्ध पडतो, ही गोष्ट वैद्यकीय भाषेत मांडली गेली. म्हणून आजही नियम असा आहे की लटकलेला सोबती शुद्धीवर असेल तर त्याने पाय हलवत राहावे आणि बाकीच्यांनी त्याला लवकरात लवकर खाली आणावे.

दुसरे उत्तर होते मांडी. ते नवे नव्हते. जहाजाच्या डोलकाठीवर काम करणारे खलाशी फळीच्या झोपाळ्यावर बसत. जर्मन गिर्यारोहक हान्स ड्युल्फर १९१५ मध्ये महायुद्धात मारला गेला, पण त्याच्या नावाने ओळखली जाणारी उतरण्याची पद्धत टिकली : दोर दोन्ही पायांमधून घ्यायचा, एका मांडीभोवती वळवायचा आणि छातीवरून विरुद्ध खांद्यावर टाकायचा. म्हणजे मांडी वजन पेलते हे उतरताना सगळ्यांना माहीत होते. पडताना मात्र तीच युक्ती वापरायची कल्पना रुजायला अनेक दशके गेली.

अमेरिकेत योसेमिटीच्या उंच भिंतींनी या प्रश्नाला धार आणली. वॉरन हार्डिंग आणि त्याच्या साथीदारांनी १९५८ मध्ये एल कॅपिटनची 'नोज' ही वाट पूर्ण केली. मोहीम दीड वर्ष टप्प्याटप्प्याने चालली होती. १९७० मध्ये हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल त्याच कड्यावर सलग २७ दिवस राहिले. तिथे नायलॉनची टेप कंबरेभोवती अनेक वेढे देऊन बांधण्याची पद्धत होती. तिला स्वामी बेल्ट म्हणत. पडताना तो दोरापेक्षा बरा होता, पण लटकून बसायला निरुपयोगी. म्हणून बसण्यासाठी कापडाची वेगळी झोळी सोबत ठेवत. म्हणजे एक साधन पडण्यासाठी आणि दुसरे बसण्यासाठी. दोन्ही एकत्र शिवले की आजचा हार्नेस होतो.

हे शिवण्याचे काम मुख्यतः इंग्लंडमध्ये झाले. १९६० च्या दशकात ॲलन वॉटरहाउस, पॉल सेडन आणि टोनी हॉवर्ड यांनी बसता येईल असे हार्नेस बनवायला सुरुवात केली; त्यांचीच पुढे ट्रॉल ही कंपनी झाली. १९७० च्या अन्नपूर्णा दक्षिण भिंतीच्या मोहिमेसाठी डॉन व्हिलन्सने आखलेला हार्नेस याच कंपनीने बनवला. २७ मे १९७० रोजी व्हिलन्स आणि डूगल हॅस्टन ८,०९१ मीटर उंच शिखरावर पोहोचले आणि हा हार्नेस जगभर विकला जाऊ लागला. त्यात दोन पायांमधून जाणारा एक मधला पट्टा होता. चालायला आणि बर्फावर तो सोयीचा होता, पण पडल्यावर तो नको तिथे आवळे. १९७९ मध्ये ट्रॉलने मार्क ५ आणला. मधला पट्टा गेला, त्याऐवजी कमरपट्ट्याला दोन स्वतंत्र मांडीचे पट्टे जोडले गेले. आज तुम्ही जो हार्नेस घालता त्याचा आराखडा हाच आहे. नंतरच्या सुधारणा कापड, बकल आणि वजनाच्या आहेत. काही कंपन्यांनी, उदाहरणार्थ कॅनडाच्या आर्कटेरिक्सने, टेपचे तंतू पट्ट्याच्या पूर्ण रुंदीवर पसरवून जाड गादीशिवाय दाब कमी केला. पण भार कुठून कुठे जातो हे १९७९ नंतर फारसे बदललेले नाही.

७. प्रमाणचिन्ह काय सांगते

गिर्यारोहण संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे यूआयएए, १९३२ मध्ये स्थापन झाला. हार्नेससाठी त्याचे प्रमाण १०५ आणि युरोपीय प्रमाण ईएन १२२७७ ही दोन प्रमाणे प्रचलित आहेत. त्यांत चार प्रकार आहेत : ए म्हणजे पूर्ण शरीराचा, बी म्हणजे लहान शरीराचा, सी म्हणजे बसता हार्नेस, डी म्हणजे छातीचा. सी प्रकारचा हार्नेस धडाच्या नमुन्यावर चढवून १५ किलोन्यूटन बलाने ताणतात. तो टिकला पाहिजे.

दोराची मर्यादा याच्याशी जुळलेली आहे. प्रमाणित चाचणीत ८० किलो वजन पडल्यावर एकेरी दोराने १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त झटका पुढे पाठवता कामा नये. १२ किलोन्यूटन म्हणजे त्या वजनाच्या सुमारे पंधरा पट. ही संख्या पॅराशूटने उतरणाऱ्यांच्या अभ्यासावरून घेतली गेली : क्षणभर एवढे बल निरोगी शरीर सोसते.

आता नीट पाहा. प्रमाण सांगते की हार्नेस फाटणार नाही. झटका क्षणभराचा आहे आणि शरीर निरोगी आहे हे त्याने गृहीत धरले आहे. अर्धा तास लटकल्यावर तुमच्या पाचव्या कटिमण्याला काय वाटेल, हे त्यात कुठेही तपासलेले नाही. प्रमाणचिन्ह नसलेला हार्नेस घेऊच नका; पण चिन्ह आहे म्हणून तो तुमच्या कंबरेला मानवेल असे समजू नका.

८. बांधकामाच्या जागेवरचा पुरावा

हाच इतिहास उद्योगक्षेत्रात कायद्याच्या रूपात सापडतो. उंचीवर काम करणारे कामगार पूर्वी फक्त कंबरेचा पट्टा बांधत. अमेरिकेच्या बांधकाम सुरक्षा नियमांत कंबरेच्या पट्ट्यासाठी झटक्याची मर्यादा ४ किलोन्यूटन आणि पूर्ण शरीराच्या हार्नेससाठी ८ किलोन्यूटन लिहिली गेली. एकच माणूस, एकच पडणे. भार घेण्याची जागा बदलली की सोसण्याची मर्यादा दुप्पट. शेवटी १ जानेवारी १९९८ पासून तिथे पडताना रोखण्यासाठी कंबरेच्या पट्ट्यावर बंदी आली.

आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा पट्टे व हार्नेससाठी आयएस ३५२१ हे भारतीय प्रमाण आहे. तरी साइटवर पूर्ण हार्नेसलाही 'सेफ्टी बेल्ट' म्हणण्याची सवय जात नाही. शब्द बेल्टचा राहिला की मांडीचे पट्टे न लावता नुसता कमरपट्टा आवळून कामगार वर चढतो. तुमच्यातले अनेक जण उद्या अशा साइटवर अभियंता म्हणून उभे असतील. तेव्हा मांडीचे पट्टे लावले आहेत का, हे पाहण्याची जबाबदारी तुमची असेल.

९. दुखऱ्या कंबरेसाठी हार्नेस निवडताना

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. इतिहासातून निघणारी उत्तरे अशी :

• लटकून पाहा. उभे राहून हार्नेस आरामशीर वाटणे याला किंमत नाही. दुकानात किंवा भिंतीवर सुरक्षित ठिकाणी, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली दहा मिनिटे लटका. वजन मुख्यतः मांड्यांवर जाणवले पाहिजे. कंबरेच्या मागे सतत रेटा जाणवत असेल तर तो हार्नेस तुमचा नाही, गादी कितीही जाड असो.

• दोन पट्ट्यांमधले अंतर तपासा. कमरपट्टा आणि मांडीचे पट्टे यांच्यातले उभे अंतर तुमच्या अंगापेक्षा जास्त असेल तर मांडीचे पट्टे खाली राहतात, उशिरा ताणले जातात आणि भार पुन्हा कंबरेवर येतो. ते कमी असेल तर कमरपट्टा खाली ओढला जातो. स्त्रियांसाठीच्या हार्नेसमध्ये हे अंतर बहुधा जास्त असते. लेबलवर काय लिहिले आहे यापेक्षा तुमच्या अंगावर काय बसते ते पाहा.

• कमरपट्टा नितंबाच्या हाडांच्या वर बसवा. तो आवळल्यावर दोन्ही हातांनी खाली ओढून पाहा. हाडांवरून घसरता कामा नये. बकलच्या बाहेर टेपचे सात-आठ सेंटिमीटर टोक उरले पाहिजे.

• मांडीचे पट्टे कमी-जास्त करता येणारे घ्या. बारीक-मोठे करता आले तरच लटकताना धड किती मागे कलते यावर तुमचा ताबा राहतो.

• रुंदी अंगाच्या मापाने घ्या. आखूड धडाच्या माणसाला फार रुंद आणि ताठ कमरपट्टा बरगड्यांत टोचतो आणि तो टाळण्यासाठी माणूस वाकडा बसतो.

• ओझे हार्नेसवर टांगू नका. कमरपट्ट्याच्या मागच्या कड्यांना पाच किलो साहित्य अडकवले तर ते सतत कंबर मागे ओढते. साहित्य खांद्यावरच्या पट्ट्यात विभागा, पाठपिशवी दोराने स्वतंत्र वर ओढा. पिशवी पाठीवर ठेवणे भागच असेल तर बसत्या हार्नेसला छातीचा हार्नेस जोडण्याची जुनी पद्धत प्रशिक्षकाकडून शिकून घ्या. नुसता छातीचा हार्नेस कधीही नाही.

• हार्नेसच्या आत वैद्यकीय कंबरपट्टा बांधून चढू नका. त्यामुळे कमरपट्टा हाडांवर नीट बसत नाही आणि माप चुकते.

आपली कंबर कोणत्या दिशेला दुखते हेही माहीत करून घ्या. पुढे वाकल्यावर दुखणारी कंबर आणि मागे वाकल्यावर दुखणारी कंबर यांना एकच हार्नेस मानवेल असे नाही. १९६० च्या दशकात स्वीडनचे शल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या चकतीतला दाब सुई घालून मोजला. पाठीला टेकू नसताना बसले तर तो उभे राहण्यापेक्षा जास्त भरला. नंतरच्या मोजमापांत सैलावून बसल्यावर तो कमीही आढळला. यातून घ्यायचे ते एवढेच : हार्नेसमध्ये आपण टेकू नसलेल्या आसनावर बसतो, म्हणून बसण्याची ढब बदलत राहणे आणि अधूनमधून पाय भिंतीला टेकवून भार उतरवणे गरजेचे आहे.

पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवत असेल, लघवी-शौचावरचा ताबा बदलला असेल, तर हार्नेसचा विचार बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा. हार्नेस हे उपचाराचे साधन नाही.

शेवटी वय. ऑक्टोबर २००६ मध्ये योसेमिटीत टॉड स्किनर हा अत्यंत अनुभवी गिर्यारोहक उतरत असताना त्याच्या हार्नेसचे झिजलेले बिले लूप तुटले आणि तो मरण पावला. मऊ पडलेला जुना हार्नेस अंगाला सुखकर वाटतो. दुखऱ्या कंबरेच्या माणसाला तो सोडवत नाही. शिवण उसवली असेल, टेप झिजली असेल किंवा कंपनीने सांगितलेली मुदत संपली असेल, तर तो टाकून द्या.

महाविद्यालयीन मंडळात आणखी एक अडचण असते. हार्नेस मंडळाचे असतात, बहुतेक एकाच मापाचे, आणि जो उशिरा येतो त्याला उरलेला मिळतो. कंबर दुखत असलेल्या विद्यार्थ्याने हे संकोच न करता आधी सांगावे आणि मंडळाने निदान एक-दोन कमी-जास्त होणारे हार्नेस त्यासाठी राखून ठेवावेत. याला खर्च फार नाही. आठवण ठेवणारा माणूस लागतो.

सारांश

१८६४ मध्ये दोर तपासला गेला. दोराला बांधलेले शरीर विचारात यायला पुढचे शतक उजाडावे लागले. नायलॉनने दोर सुरक्षित केला तेव्हा धडाची मर्यादा दिसली. छातीचा मार्ग अपुरा ठरला. खलाशांच्या झोपाळ्यापासून ड्युल्फरच्या पद्धतीपर्यंत ओळखीची असलेली मांडीच शेवटी कामाला आली आणि १९७९ पर्यंत आजचा आराखडा ठरला. म्हणून हार्नेस पाहताना 'कंबरेला आधार किती' असे न विचारता 'कंबरेवरून भार किती उतरतो' असे विचारा.

स्वाध्याय

१. तुमच्या वजनासाठी चौथ्या भागातील दोन्ही गणिते पुन्हा करा. धडाचा कल २० अंश धरल्यास आघूर्ण किती येईल?

२. मॅटरहॉर्नच्या अपघातानंतर दोराची चर्चा झाली, शरीराची नाही. तुमच्या अभ्यासशाखेतील असे एखादे उदाहरण सांगा, जिथे साहित्याची चाचणी आधी आली आणि माणसाची नंतर.

३. कंबरेच्या पट्ट्यासाठी ४ आणि पूर्ण हार्नेससाठी ८ किलोन्यूटन ही मर्यादा का वेगळी असावी? चौथ्या भागाच्या आधारे उत्तर लिहा.

४. तुमच्या मंडळातील हार्नेसची यादी करा : प्रकार, प्रमाणचिन्ह, खरेदीचे वर्ष, मांडीचे पट्टे कमी-जास्त होतात की नाही, टेप व शिवणीची स्थिती. त्यातले कोणते बाद करावेत ते कारणांसह मांडा.